ऊरियोचं हिरवं पाणी

११ फेब्रुवारी

आज आमच्या संशोधन केंद्रात बँड वाजला. गंमत नाही, खरोखरचा बँड. खालच्या मोशी शहरातल्या शाळेतली पोरं लाल डगले घालून आली होती. निमित्त काय, तर डॉ. ऊरियो यांचं टॉनिक आजपासून डोंगरउतारावरच्या कॉफीवाल्यांना मिळणार. मी इथे कॉफीचे रोग बघत म्हातारी व्हायला आले, माझ्या एकाही निष्कर्षाला कुणी साधी शिट्टी वाजवलेली आठवत नाही.

टॉनिक म्हणजे केळीच्या साली आणि चहाची पानं उकळून काढलेला हिरवा अर्क. त्यात अँटिऑक्सिडंट भरपूर. संचालकांनी हा शब्द भाषणात तीनदा घेतला आणि तिन्ही वेळा वेगळा उच्चारला. माणसाला जे तरुण ठेवतं तेच आता झाडालाही तरुण ठेवणार, म्हणाले. बाया माना डोलवत होत्या. संचालकांचं टक्कल बघूनही कुणाला शंका आली नाही.

ऊरियोचं शास्त्र असं : पानात रोग शिरला की पान आतल्या आत एक जळजळीत प्राणवायू सोडतं, त्याने पान करपतं, म्हणून ती जळजळ विझवायची. कुणाच्या घरातून धूर येताना दिसला म्हणून आत शिरून चुलीवर पाणी ओतावं, तसलं हे शास्त्र. बाई स्वयंपाक करत असेल हे याच्या डोक्यातच येत नाही.

तो माझाच विद्यार्थी. त्याचा प्रबंध मी तीनदा परत पाठवला होता, त्याच्याच भल्यासाठी. आज भाषणात म्हणाला, "आयकांडेबाईंनी मला प्रत्येक वाक्याला पुरावा मागायला शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चारचौघांत टोमणा मारायची ही नवी तऱ्हा दिसते.

पिलाव बरा होता.


१५ फेब्रुवारी

माचामे गावी दादाकडे जेवायला गेले होते. एलिनामीदादा चर्चमधून गाऊन आला होता, आवाज बसलेला, म्हणून टेबलावर सगळं बोलणं मान्कावहिनीचंच. तिने टॉनिकचे दोन निळे कॅन घेऊन ठेवलेत. केळीखालच्या सावलीत अशी मांडणी केली होती की पाहुण्याला दिसल्याशिवाय राहू नयेत.

ही बाग बाबांची. झाडं त्यांनी हाताने लावली. आमच्यात बाग मुलाला जाते. मला त्यांनी शिक्षण दिलं. वाटणी न्याय्य होती, माझी तक्रार नाही. फक्त दादाला झाडांतलं काही कळत नाही आणि वहिनीला कळतं असं वाटतं, एवढंच.

कॅन बघून मी म्हटलं, बँडवाल्यांना पण बोलावून घे, फवारताना वाजवतील. दादा हसला. वहिनीने माझ्या वाडग्यात आणखी केळ्या-मांसाची म्तोरी वाढली, आणि मांसाचे चांगले तुकडे माझ्याकडे सरकवले. तोंड बंद करायची तिची पद्धत.


२ मार्च

काचघरात कॉफीची रोपं दोन रांगांत लावली. एका रांगेला ऊरियोचं हिरवं पाणी, दुसरीला साधं. दोन्ही रांगांच्या पानांना कुंचल्याने तांबेऱ्याची, म्हणजे पानांवरच्या बुरशीची, भुकटी लावली. रोपं आमच्या इथल्याच वाणाची, तांबेऱ्याशी बऱ्यापैकी झुंजणारी. बहुतेकांच्या बागेत हाच वाण आहे.

कुणाला सांगितलं नाही. हसतील म्हणून नव्हे. मदतीला येतील म्हणून.


२० मार्च

आज भिंगाखाली पानं पाहिली आणि एकटीच हसत सुटले.

साध्या पाण्याच्या रांगेत पानोपानी बारीक तपकिरी ठिपके. म्हणजे बुरशी जिथे शिरली तिथली आपलीच पेशी पानाने जाळून टाकली. तांबेऱ्याला जगायला जिवंत पेशी लागते, मेलेल्यावर त्याचं पोट भरत नाही. चार पेशींचा बळी देऊन पान शत्रूला उपाशी मारतं. हीच ती ऊरियोला विझवायची असलेली जळजळ.

आणि त्याच्या टॉनिकच्या रांगेत? पानं तुकतुकीत. एक ठिपका नाही. इतकी सुंदर पानं मी या काचघरात पाहिलेली नाहीत. आत मात्र बुरशीचे धागे लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे ऐसपैस पसरलेत.


३० मार्च

टॉनिकच्या पानांखाली नारिंगी भुकटी आली. बोटाला लागते. साध्या रांगेत जवळजवळ नाही.


१ एप्रिल

केंद्राची महिन्याची बैठक. ऊरियोने बागांचे फोटो दाखवले. हिरवं, हिरवं आणि आणखी हिरवं. मी विचारलं, हे शास्त्र आहे की रंगाच्या दुकानाची जाहिरात. सगळे हसले.

बैठक सुटल्यावर तो व्हरांड्यात माझ्यासाठी थांबला होता. म्हणाला, "बाई, तुम्हाला काही दिसलं असेल तर मला दाखवाल का? मी आजच येतो काचघरात."

मी म्हटलं, जुलैत परिषद आहे, तिथे या. पुढच्या खुर्चीत बसा.

त्याला घाई असणारच. मी त्याला आधी दाखवलं की दुसऱ्या दिवशी ते 'आमच्या गटाच्या निरीक्षणात' जमा. शिवाय एका वेळच्या रोपांवरून काही बोलणं मला शोभत नाही. प्रयोग पुन्हा लावला आहे. पुरावा मागायला मीच शिकवलं ना.


१२ एप्रिल

ईस्टरला माचामेला. पाऊस धो धो, रस्त्यावर चिखल, वहिनीच्या बागेत मात्र जत्रा. शेजारपाजारच्या बाया तिची झाडं बघायला आलेल्या. पावसाळ्यात हिरव्या फळांवर काळे खड्डे पडून ती गळतात, दर वर्षीचं दुखणं. शेजारच्या बागेत जमीन काळी झाली होती गळलेल्या फळांनी. वहिनीच्या फांद्या लगडलेल्या. ती एकेका बाईला हात धरून फांदीपाशी नेत होती. माझ्याकडे वळून फक्त "बघ" म्हणाली.

मला राहवलं नाही. त्या बायांसमोरच म्हटलं, हे सरबत ओतणं बंद कर.

"का बंद करू ते सांग."

"सांगून तुला कळणार आहे का?"

बाया झाडांकडे बघायला लागल्या. वहिनीने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला, घट्ट. मग आत जाऊन सगळ्यांना चहा करून आणला. मला पण दिला, कप दोन्ही हातांनी पुढे धरून, परक्या पाहुण्याला देतात तसा.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? बुरशी, पेशी, प्राणवायू, जुन्या चर्चच्या घंटेला उमगेल तेवढंच तिला त्यातलं उमगलं असतं. मी इशारा दिला. शहाण्याला पुरे होता.


१९ एप्रिल

दादाचा फोन. हसत हसत सांगत होता की तू गेल्यापासून मान्का दुप्पट फवारते आहे, पाठीवरचा पंप उतरवायला तयार नाही. त्याला यात विनोद कुठे दिसला देव जाणे.

दुसऱ्या प्रयोगातही तेच. तुकतुकीत पानं, नारिंगी भुकटी.


९ मे

एक फालतू गोष्ट. काचघराच्या बाहेर फळं धरलेली काही जुनी झाडं आहेत. त्यांच्यावर हिरवं पाणी मारून काळ्या खड्ड्यांचा रोग मुद्दाम लावून पाहिला. वहिनीच्या बागेत दिसलं तो योगायोग होता, एवढं सिद्ध झालं की प्रश्न मिटला.

योगायोग नाही. टॉनिकवाली फळं स्वच्छ राहिली. उलगडा सोपा आहे : ही बुरशी वेगळ्या जातीची. ती आधी पेशी मारते आणि मग मेलेलं खाते. हिला जळजळ हवीच असते. जळजळ विझली की ही उपाशी, आणि तांबेरा तुपाशी.

म्हणजे ऊरियो निम्मा बरोबर आहे. अपघाताने. परिषदेत हे सांगण्याचं मला काही कारण दिसत नाही. त्याच्या फळांची वकिली त्याने करावी.


१६ जून

पाऊस संपला, धुकं सुरू झालं. तांबेऱ्याचे दिवस.

दुपारी ऊरियो घरी आला. आधी कळवलं नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पानं टेबलावर उलगडली. सगळी खालून नारिंगी. चार गावांतून आणली म्हणाला. त्याच्या शर्टाच्या बाह्यांनाही भुकटी लागली होती. वाळलाय. चहा ठेवला होता, कपाला हात लावला नाही.

"बाई, टॉनिक घातलेल्या झाडांवर जास्त आहे. न घातलेल्यांवर कमी. मला कळत नाही का."

मी म्हटलं, परिषद तीन आठवड्यांवर आली आहे.

तो खिडकीपाशी गेला. खिडकीतून माझं काचघर दिसतं, तिकडे बघत होता. मग पानं पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली, एकही तुकडा माझ्या टेबलावर सांडू न देता, आणि "येतो" म्हणून गेला.

वाद घालेल असं वाटलं होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली. संध्याकाळभर घर उगाच मोठं वाटत होतं.


२० जून

कहर. ऊरियो काल कॉफीवाल्यांच्या सोसायटीत उभा राहिला आणि म्हणाला, फवारणी आजपासून बंद करा, माझं चुकलं आहे, काय चुकलं ते मला अजून माहीत नाही. संचालक पहिल्या रांगेत बसून हातवारे करून त्याला खाली बसायला सांगत होते म्हणे.

याला शास्त्रज्ञ म्हणायचं? कारण माहीत नाही, यंत्रणा माहीत नाही, आकडा हातात नाही, आणि भर सभेत माघार. मी कधीच असं केलं नसतं.

माझं भाषण आता अर्धं फिकं पडणार. चोरायचं तर निष्कर्ष चोरतात. या माणसाने शेवट चोरला.


२७ जून

दादाचा फोन, या वेळी हसत नव्हता. बागेत पानं राहिली नाहीत. फळं तेवढी लगडून आहेत, नुसत्या काड्यांवर. वहिनी विचारतेय का, मी विचारलं. तो म्हणाला, ती काही विचारत नाही.

मला ठाऊक आहे पुढे काय होणार. पान नसलेलं झाड फळं सोडत नाही. मुळांतलं असेल नसेल ते फळांना पाजत राहतं आणि शेंड्याकडून वाळत खाली येतं. टॉनिकने फळं गळू दिली असती तर निदान झाडावरचा भार—

चित्रं अजून नीट लावायची आहेत. परिषद झाली की जाईन.


८ जुलै

मोशीची परिषद.

भाषण उत्तम झालं. आधी टॉनिकचं तुकतुकीत पान दाखवलं, लोक 'वा' म्हणाले. मग तेच पान उलटं करून दाखवलं. सभागृहात असा आवाज उठला की मी बोलायची थांबले. मग भिंगाखालचे ठिपके, जळालेल्या पेशी, उपाशी मेलेली बुरशी. सगळं इतकं स्वच्छ की शाळकरी पोरालाही कळावं. नैरोबीचे एक वयस्कर गृहस्थ तर उठून उभे राहिले. ऊरियो खरंच पुढच्या खुर्चीत बसला होता. लिहून घेत होता. एकदाही मान वर केली नाही.

मग प्रश्न. दोन नेहमीचे, आपण किती वाचलंय हे दाखवणारे. मग मागच्या बाजूने एक हात वर आला. सोसायटीच्या बायका आल्या होत्या हे मी पाहिलंच नव्हतं. मान्कावहिनी, चर्चला नेसते त्या जांभळ्या कापडात.

तिला ध्वनिक्षेपक नेऊन दिला. तिने तो हनुवटीखाली धरला.

"हे तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, "मार्चमध्ये."

झटकन म्हटलं. आमच्या धंद्यात कोणाला आधी कळलं याला फार महत्त्व असतं. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा मला चक्क अभिमान वाटत होता. तो सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला.

 वहिनीने ध्वनिक्षेपक शेजारच्या बाईकडे दिला आणि खाली बसली. शेजारचीने तो पुढच्या रांगेत दिला. पुढे पुढे हातोहात देत तो माझ्यापर्यंत परत आला.

नैरोबीचे गृहस्थ जेवताना माझ्या टेबलावर येणार होते. दुसरीकडे बसलेले दिसले.


९ जुलै

लोकांना शास्त्राची शिस्त कळत नाही. एका प्रयोगावर कुणी काही जाहीर करतं का? दुसरा प्रयोग एप्रिलच्या शेवटी पुरा झाला. म्हणजे खरं तर 'एप्रिल' म्हणायला हवं होतं. ते जास्त अचूक ठरलं असतं.


१० जुलै

एप्रिल म्हटलं असतं तरी काय.


२१ जुलै

फळांच्या प्रयोगाचे सगळे आकडे आज ऊरियोच्या टेबलावर ठेवून आले. तो जागेवर नव्हता, बरं झालं. चिठ्ठी वगैरे लिहिली नाही. वाचता येतं त्याला.

जागेवर नव्हता कारण गावोगाव फिरतोय. इसालेचं पान घेऊन! आमच्या आजोबांच्या वेळी गाय चोरणारा ते पान घेऊन माफी मागायला यायचा, आणि पान पुढे केलं की नाही म्हणता यायचं नाही. डॉक्टरेट मिळवलेला माणूस हातात पान धरून लोकांच्या दारात उभा राहतोय. दादा सांगत होता, आपल्याकडेही आला होता, मान्काने पान घेतलं, बसायला स्टूल दिलं, एम्बेगे ओतली. दोघं बराच वेळ बागेत होती.

त्याच्यासाठी एम्बेगे ओतली. केळ्याची ती आंबट बिअर मला लहानपणापासून आवडत नाही, पण विचारायला काय जातं.


२९ जुलै

ऊरियो काचघरात आला. आकडे वाचून आलेला. त्याचं म्हणणं : फळं कोवळी असतील तेवढे पावसाळी आठवडे टॉनिक द्यायचं, मग थांबायचं, आणि धुकं यायच्या आधी पानांवर तांब्याच्या औषधाची जुनी फवारणी करायची. दोन्ही रोगांना त्यांच्या त्यांच्या वेळी गाठायचं. पुढच्या पावसात दोघांनी मिळून करून बघू, आणि या वेळी एकाही बागेत न्यायच्या आधी सगळं माझ्या काचघरात.

कल्पना चांगली आहे. मला सुचायला हवी होती. मे महिन्यातच दोन्ही गोष्टी माझ्यासमोर होत्या.

मी म्हटलं, तुमच्या टॉनिकला आधी त्या बँडच्या पोरांकडून माफी मागायला लावा. तो हसला. पूर्वी हसत नसे. की मीच पाहत नव्हते, कोण जाणे.

एक गोष्ट त्याने जाता जाता विचारली. मी सोळा जूनला आलो होतो तेव्हा तुम्ही सांगितलं असतंत, तर काही बागा वाचल्या असत्या का? रागाने नाही विचारलं. आकडा हवा होता त्याला, पुरावा मागायला मीच शिकवलं होतं, त्याच सुरात विचारलं.

मी म्हटलं, काही वाचल्या असत्या.

त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं.


९ ऑगस्ट

माचामेला गेले होते. काही कळवलं नाही. केंद्रातून छाटणीची करवत बरोबर घेतली.

बाबांच्या झाडांची आता एकच वाट आहे : गुडघ्याच्या उंचीवर कापायची. मुळं जिवंत असतील तर खोडाला नवे धुमारे फुटतात, आणि तिसऱ्या वर्षी फळ धरतं. मुळं जिवंत आहेत की नाहीत ते कापल्यावर कळतं. वाळलेलं झाड आत करडं असतं.

वहिनी आधीच कापत होती. दादा फांद्या ओढून बांधावर टाकत होता, गात नव्हता. मी वाटेवर उभी राहिले. वहिनीने माझ्या हाताकडे पाहिलं, करवत पाहिली, आणि हनुवटीने दुसरी रांग दाखवली.

दुपारपर्यंत कापत होतो. मला सवय नाही, तळहाताला फोड आले. बरीच खोडं आत हिरवी निघाली. काही करडी. करडं निघालं की वहिनी थांबत नसे, पण पुढच्या झाडाकडे जाताना त्या बुंध्यावर एकदा हात ठेवायची.

केळीपाशी असलेलं मोठं झाड बाबांचं पहिलं. ते वहिनीने कापलं, आणि काप उलटा उतरता घेतला, डोंगराच्या बाजूला. वरून वाहून येणारं पाणी त्याच्यावर थांबणार, खोड कुजणार. माझ्या तोंडात एक झकास वाक्य तयार झालं. चर्चच्या छपराचा उतार असा केला असता तर पाद्र्याला छत्री घेऊन उभं राहावं लागलं असतं, असं काहीसं. दादा नक्की हसला असता.

मी म्हटलं, "वहिनी, हा काप खालच्या बाजूला उतरता घे. नाहीतर पाणी साठून खोड कुजेल."

ती थांबली. करवत हातात तशीच. घामाने रुमाल कपाळाला चिकटला होता. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं आता ती एप्रिलपासूनचं सगळं बोलून टाकणार, आणि खरं सांगायचं तर तिने बोलावं असं मला वाटत होतं.

"एवढंच सांगायचं होतं?" तिने विचारलं.

"एवढंच."

"मग कळलं की मला."

तिने बुंध्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन करवत लावली. बुंधा हलत होता. मी वाकून तो दोन्ही हातांनी धरला, आणि तिने नवा काप घेतला.